हुकूम त्यांचा, काडी माझी

फायर वॉचरची जागा मला मिळाली ती टोमॅटोमुळे. आधीचा वॉचर नारायणगावच्या मार्केटात क्रेट भरायला पळाला, कारण तिथं सावली होती आणि चहा होता. फेब्रुवारी तोंडावर आलेला, डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं, आणि वनखात्याच्या गार्डला माणूस मिळेना. मी म्हटलं, मी करते. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तोवर आमच्या भागात बाईनं खात्याच्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायच्या, उन्हाळ्यात खड्डे खणायचे, पावसाळ्यात रोपं लावायची आणि मुकाट घरी जायचं, एवढंच ठरलेलं होतं. डोंगरावर बसून आगीवर नजर ठेवायची ती पुरुषानं.

मुकादम हसला. "मस्टरवर नाव बाईचं आन् काम नवऱ्याचं, असंच ना?"

"नवऱ्याला रानातलं काय कळतंय?" मी म्हटलं. "त्यो कांदा लावतो."

सगळी टोळी हसली, पण जागा मला मिळाली. गार्डनं सही करताना दोनदा बजावलं की काही वेडंवाकडं झालं तर तो मला ओळखत नाही. मी म्हटलं, ओळखू नका, फक्त शिट्टी द्या. शिट्टी शेवटपर्यंत मिळाली नाही. मी दोन बोटं तोंडात घालून वाजवत असे, आणि ती खात्याच्या शिट्टीपेक्षा लांब जायची.

मला हे काम जमणारच होतं, कारण मी आग लावणाऱ्यांच्या घरातली. आम्ही मूळचे मेंढपाळ. दिवाळी झाली की माझे वडील माळशेज उतरून मेंढरं कोकणात न्यायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. निघण्याच्या आधी किंवा आल्यावर कधीतरी एखादी उतरण पेटवून द्यायची, ही रीतच होती. जळालेल्या जागी पावसाबरोबर कोवळं गवत आधी फुटतं आणि मेंढरं ते आवडीनं खातात, हे खरंच आहे. पण त्याबरोबर झाडांची पिल्लं, तितरांची अंडी आणि वरची चांगली माती जाते, हेही खरंच आहे. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही बघितलं नव्हतं. लहानपणी जळत्या गोवरीचा तुकडा फुटक्या मडक्यात घालून मी वडलांच्या मागं चालले आहे. वारा कुठून आहे ते माती उडवून कसं बघायचं, आग कुठल्या बाजूनं धरायची, ती कुठं आपोआप थांबते, हे सगळं मी तेव्हा शिकले. खात्यानं मला काहीएक शिकवलं नाही.

डोंगर आमचा जुन्नर तालुक्यातला, ओतूरहून उत्तरेला बघितलं तर दिसणाऱ्या रांगेतला. नेमका कुठला ते सांगत नाही. या गोष्टीतली साहेबमंडळी आता निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतील, त्यांना कशाला त्रास. त्या डोंगराच्या पोटावर चार वर्षांपूर्वी लागवड झाली होती. खैर, करंज, शिवण, सीताफळ. खड्डे आम्ही बायकांनीच खणले होते. मुरमात पहार मारून माझ्या तळहाताची साल निघाली होती, ती मला अजून आठवते. त्यातली रोपं आता कमरेएवढी झाली होती आणि लागवडीच्या वरच्या अंगाला, पठारावर, एक वाडी होती. दहाबारा घरं आणि प्रत्येक घरामागं गवताची एक गंजी.

सकाळी भाकरी बांधून वर जायचं आणि एका खडकावर बसून धूर बघायचा, हे माझं काम. ज्यांना वाटतं की हे बसून खाणं आहे, त्यांनी एप्रिलमध्ये त्या खडकावर एक दुपार काढावी. महिनाभरात मला धूर ओळखता यायला लागले. उसाचं पाचट पेटवलं की धूर काळपट आणि जाड उठतो. चुलीचा धूर निळसर आणि आळशी. गवत पेटलं तर मात्र धूर पांढरा आणि घाईत असतो, तो दिसला की शिट्टी मारायची आणि पळायचं. पहिल्या वर्षी मी अशा अकरा आगी टोळीला घेऊन विझवल्या. मुकादमानं हसायचं बंद केलं. गार्डनं मात्र साहेबांपुढं त्या अकराही आगी स्वतः विझवल्या.

दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला. गवत उशिरा वाळलं, म्हणून जाळरेषेचं कामही लांबलं. जाळरेषा म्हणजे लागवडीच्या खालून काढलेला रुंद पट्टा. त्यातलं गवत आधी कापायचं, वाळू द्यायचं, मग आपणच जपून जाळून टाकायचं, म्हणजे खालून आग आली तर तिला पुढं जायला काही उरत नाही. हे जाळणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट. आमच्या डोंगरात सकाळी वारा वरून खाली उतरतो. ऊन चढलं की तो उलटतो आणि खालून वर जायला लागतो. दिवस कलला की मध्ये थोडा वेळ पडतो. पट्टा पेटवायचा तो त्या थोड्या वेळात, दोन्ही काठांना माणसं उभी करून, प्रत्येकाच्या हातात निरगुडीची ओली डहाळी. आमच्या टोळीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं. गार्डलाही माहीत होतं.

त्या दिवशी तो अकराच्या सुमारास वर आला आणि म्हणाला, "पेटवा. उद्या मोठे साहेब येणारेत. पट्टा काळा दिसला पाहिजे."

"ऊन कलू द्या," मी म्हटलं. "आता वारा वर चाललाय. लागवडीत जाईल."

"मला संध्याकाळी मीटिंग आहे."

"मग तुम्ही जा मीटिंगला. आमी पेटवतो."

त्यानं टोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मोठ्यानं म्हणाला, "भीती वाटतेय ती सरळ सांग ना. म्हणूनच मी म्हणत व्हतो, बाईमाणूस ह्या कामाला नको."

इथं मी चुकले. एरवी मी त्याला दहा उत्तरं दिली असती. पण मला भीती वाटते, असं कुणी चारचौघांत म्हटलेलं माझ्यानं खपत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. शिवाय मला ती जागा हवी होती. आमच्या आजूबाजूच्या गावांत मी एकटीच बाई वॉचर होते आणि मला दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं वॉचर म्हणूनच उभं राहायचं होतं. मी रॉकेलच्या चिंध्यांचा टेंभा उचलला, काडी ओढली आणि पट्ट्याच्या एका टोकापासून लावत निघाले. वारा पाठीवर लागत होता, खालून वर. मला तो कळत होता. मी थांबले नाही.

पट्टा निम्मा जळेपर्यंत सगळं ठीक होतं. मग एक झुळूक आली आणि जळतं गवत उडून वरच्या काठापलीकडं पडलं. दोन बायका धावल्या, त्यांनी ते मारलं. तोवर दुसरीकडं पडलं, तिसरीकडं पडलं, आणि मग मोजायचं काही राहिलं नाही. आग लागवडीत शिरली. कमरेएवढ्या गवतात तिला जो आवाज येतो तो ज्यानं ऐकला त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळत नाही. आम्ही नऊ जण डहाळ्यांनी मारत होतो आणि ती आमच्या डोक्यावरून पुढं जात होती. सीताफळाची पानं चुरगळत होती. खड्डा कुठला कुणी खणला ते मला ठाऊक होतं, आणि एकेक खड्डा जाताना मी बघत होते. गार्ड माणसं बोलवायला खाली पळाला. तो घाबरून पळाला असं मी म्हणणार नाही, माणसं हवीच होती.

लागवडीच्या मधून एक आडवी मेंढरांची वाट जाते. वरून त्या वाटेवर एक म्हातारा ओरडत उतरला. माझ्या वडलांबरोबर कितीतरी वर्षं कोकणात उतरलेला हा माणूस. आता गुडघा गेल्यामुळं कळप मुलांबरोबर पाठवून तो गाभण मेंढ्या आणि चार शेरडं घेऊन मागं राहायचा. त्याला सगळे आबा म्हणत.

"मारू नका!" तो ओरडला. "मारून विझायची न्हाय ती. वाटंवर या समदी. समोरून लावा!"

मला ते आधीच सुचायला हवं होतं. मी त्याच रीतीत वाढले होते, पण रडण्यात आणि मारण्यात ते डोक्यातूनच गेलं होतं. आम्ही वाटेवर चढलो. आबानं कोपरीच्या खिशातून काडेपेटी काढली आणि वाटेच्या खालच्या काठाला लावत लंगडत निघाला. आम्ही वाटेवर रांगेनं उभे राहिलो आणि वर येणारी एकेक ठिणगी मारत राहिलो. त्याची आग हळूहळू खाली सरकली, आमची खालून वर आली, आणि दोन्ही एकमेकींत मिळाल्या. मोठा भडका झाला आणि मग खायलाच काही उरलं नाही. वाटेच्या वरचं सगळं वाचलं. अर्धी लागवड, वाडी, आणि वाडीतल्या सगळ्या गंज्या.

गार्ड माणसं घेऊन वर आला तेव्हा आबा शेवटचं टोक पेटवत होता. गार्डनं जे बघितलं ते एवढंच, की एक मेंढक्या हातात काडेपेटी घेऊन सरकारी लागवडीचं गवत पेटवतोय.

दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन आले आणि आबाला रेंज ऑफिसला घेऊन गेले. आमच्याकडं आग लागली की आधी मेंढपाळाचं नाव निघतं. ते पुष्कळदा खरं असतं, म्हणूनच खोटं असतं तेव्हाही सगळ्यांना पटतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप आला की वॉचर म्हणून जबाब द्यायला या. नवरा कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होता. तो तिथूनच म्हणाला, "सही कर आन् ये. आपला काय संबंध?"

"संबंध कसा न्हाय? काडी कुणी लावली?"

"तुला जागा टिकवायचीय का घालवायचीय?"

मला जागा टिकवायचीच होती. एसटीत बसल्यावर ओतूरपर्यंत मी हाच विचार करत होते. गार्डनंच सांगितलं होतं, जबाब नीट झाला तर पुढच्या वर्षापासून नाव कायमच्या यादीसाठी पाठवतो. आबाचं वय झालेलं, त्याला फार तर दंड होईल, चराईचा पास जाईल. असं मी स्वतःला सांगून बघितलं. मग मनात आलं, पास गेला तर त्याची मुलं कळप घेऊन परत येतील तेव्हा मेंढरं कुठं घालतील? मला खिडकीतून थुंकावंसं वाटलं, स्वतःवरच.

ऑफिसच्या व्हरांड्यात आबा बसला होता, भिंतीला टेकून, पाय लांब करून. आत रेंजरसाहेब, गार्ड आणि एक कारकून. जबाब आधीच लिहून तयार होता. गार्डनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. त्याला वाटलं, अंगठा.

"वाचते," मी म्हटलं, आणि कागद उचलला. दहावीपर्यंत शिकले आहे मी, ओतूरच्या शाळेत. कागदावर लिहिलं होतं की आरोपीस आगकाडीने शासकीय लागवडीतील गवत पेटवताना मी समक्ष पाहिले. मी दोनदा वाचलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी त्याला गवत पेटवताना पाहिलंच होतं, चार हातांवरून.

"बरोबर आहे ना?" रेंजरसाहेबांनी विचारलं.

"बरोबर हाय. पण पुरं न्हाय. पेन द्या."

कारकुनानं साहेबांकडं बघितलं, पण तोवर मी त्याच्या हातातलं पेन घेतलं होतं. उभ्यानंच टेबलावर वाकून मी खाली लिहिलं, की याच्या अर्धा तास आधी मी स्वतः जाळरेषा पेटवली, भर उन्हात, वारा वर जात असताना. वारा मला कळत होता. आग माझ्या काडीची होती. आबानं समोरून लावलेल्या आगीनं ती थांबली, नाहीतर वाडी गेली असती. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, सासरचं आणि माहेरचं दोन्ही.

गार्डचा चेहरा उतरला. साहेबांनी कागद ओढून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "कुणाच्या सांगण्यावरून पेटवलीस?"

मी गार्डकडं बघितलं. त्याला दोन मुली होत्या, त्यांना मी ओळखत होते. तो खाली बघत होता. मला त्याची दया आली, पण ती दया आबाच्या डोक्यावरून नेऊन त्याला द्यायची माझी तयारी नव्हती.

"हुकूम त्यांचा," मी म्हटलं, "काडी माझी."

"तुला कळतंय का तू काय लिहून देतेयस? नाव जाईल मस्टरवरनं."

"जाऊ द्या."

"आणि मी हा कागद फाडला तर?"

"परत लिहीन. मला येतं लिवता."

साहेबांनी कागद फाडला नाही. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त काम लवकर मिटवायचं होतं, आणि आता ते मिटवायचं म्हणजे आबाला सोडणं एवढाच रस्ता उरला होता. कागदोपत्री जाळरेषेच्या कामातला अपघात अशी नोंद झाली. गार्डला साहेबांनी दार लावून सुनावलं, ते व्हरांड्यात सगळं ऐकू येत होतं. माझं नाव त्याच दिवशी गेलं.

बाहेर येऊन मी आबाला म्हटलं, चला, सुटलात. तो उठेना. मला वाटलं गुडघा दुखतोय, म्हणून हात दिला, तर त्यानं हात बाजूला केला.

"कशाला लिवलंस गं पोरी?" तो म्हणाला. "जल्मभर कितींदा पेटवलं मी हे रान. तुझ्या बापानं बी पेटवलं. कुनी धरलं न्हाय. आता एकडाव माझी न्हाय त्या आगीत घावलो, तर काय बिघडलं व्हतं? फिटंल म्हणलं एकदाचं. तुझी मातर चांगली चाललेली नोकरी गेली."

मला त्याचा इतका राग आला की मी त्या ऑफिसच्या दारातच ओरडले. "तुमचं तुमी फेडा, तुमच्या हिशेबानं. हे रान मी जाळलंय. मी खड्डे खणले, मीच जाळले. ही चूक माझी हाय, ती मी तुमालाबी देणार न्हाय."

आबा भिंतीला धरून उठला आणि आम्ही स्टँडवर गेलो. बसमध्ये चढताना तो एवढंच म्हणाला, "बापावर गेलीस."

जुलैत जळालेल्या अर्ध्या भागात पुन्हा रोपं लावायचं काम निघालं. मला बोलावणं आलं नाही. मी गेले. मस्टरवर नाव नाही म्हणून गार्ड ओरडला, तर मी त्याला म्हटलं, डोंगर तुमच्या मस्टरवर आहे का? घरून आणलेली सीताफळाची रोपं एक ओळ सोडून मी माझी माझी लावत होते. दोनतीन दिवस त्यानं मला हाकललं, मग कंटाळला. चौथ्या दिवशी टोळीतल्या बायकांनी त्यांच्यातली रोपं न विचारता माझ्या पाटीत टाकली. मुकादमानं ते बघितलं आणि पाठ फिरवून तंबाखू मळत बसला. आठवडाभरात जेवढे जमले तेवढे खड्डे मी भरले. त्यानं काही जळालेलं परत येत नाही, हे मला कळत होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हते.

दोन हंगाम मी बाहेर होते. त्या दोन्ही हंगामांत कांद्यात राबले आणि रोज सवयीनं डोंगराकडं धूर बघितला. मग त्या गार्डची बदली झाली. पुढं बिबट्यांचं सुरू झालं आणि सगळं खातं पिंजऱ्यांमागं धावायला लागलं, जाळरेषेकडं बघायला कुणी मोकळं नव्हतं. नवा गार्ड आला तो अगदी तरुण, बूट नवेकोरे, परीक्षा देऊन आलेला. मुकादमानं त्याला आमच्या वाफ्याच्या बांधावर आणलं. माणूस हवाच होता, आणि मुकादमाच्या मनात मीच होते, पण खोडी काढल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"ही बाई लई तयारीची हाय, सायब," तो म्हणाला. "फकस्त एक हाय. हिनं एकडाव आख्खा डोंगर जाळलाय."

पोरगा दचकला. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "खरं का हो बाई?"

"अर्धा," मी म्हटलं. "भर उन्हात, वारा कळत असताना, समोरच्यानं भित्री म्हटलं म्हणून. कुठून कुठवर ते चला, दाखवते. आणि काडेपेटी माझ्याजवळ द्या. कुणी कायबी म्हटलं तरी काडी कधी ओढायची न्हाय, ते ह्या डोंगरावर माझ्याइतकं कुणाला ठाऊक न्हाय."

त्यानं मुकादमाकडं बघितलं, मग खिशातून काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली.